कुंकू लावलेली पेटी

आश्विन लागला की मला एका जागी बसवत नाही. पाऊस गेलेला असतो, पण थंडीचा पत्ता नसतो. दुपारी अंगणातली वाळू पायाला चटके देते आणि सकाळी त्याच वाळूवर दव पडलेलं असतं. भात पिवळं होऊन मान टाकतं. खाडीकाठच्या खाजणातलं पाणी हलत नाही, हिरवं होऊन पडून राहतं. मी उठते, ओटीवर जाते, वाळत टाकलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलते, परत येऊन बसते, परत उठते. सून म्हणते, "आई, काय हरवलंय का तुमचं?" काय सांगू तिला? हरवलेलं काहीच नाही. पन्नास वर्षांपूर्वी एक वस्तू मी उचलून नेली होती, तिचा जिवाला घोर आहे.

परवा आणखी भर पडली. नातवाच्या मुलीचं अंग गरम लागलं म्हणून तिला कडेवर घेऊन आरोग्य उपकेंद्रावर गेले. इमारत छान आहे, पांढरी, भिंतीवर मुलाला पाजणाऱ्या बाईचं चित्र आहे. दाराला कुलूप. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, "सिस्टर मीटिंगला गेल्यात, तालुक्याला. आकडे द्यायचे असतात महिन्याचे." मी विचारलं, "किती वाजता येतील?" तो म्हणाला, "आज कशाला येतायत!" पोरीचा ताप तसा किरकोळच होता, संध्याकाळी उतरलाही. पण मी मात्र त्या कुलपासमोर किती वेळ उभी होते, मला सांगता यायचं नाही.

आमच्या गावात औषध पहिल्यांदा आलं ते पेटीतून. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. लग्न होऊन या कोळीवाड्यात आले होते, चांगुणा कडेवर होती, दोन वर्षांची. तेव्हा इथे साहेबाचं राज्य होतं, आणि खाली समुद्राने दक्षिणेला गेलं की हबशाचं, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची धर्मशाळा. तिला तीन भिंती आणि वर कौलं, दार नाहीच. मास्तर श्रीवर्धनकडचे, सुपारीच्या बागा असलेल्या घरातले, बारीक अंगाचे, बोलताना उपरणं चाचपायची सवय. त्यांना शाळा चालवणाऱ्या बोर्डाने कुठेतरी महिनाभर शिकवलं आणि परत पाठवताना ही पेटी दिली. लाकडी, हिरव्या रंगाची, दोन माणसांनी उचलावी एवढी. वर पांढऱ्या रंगात काही अक्षरं काढलेली. तापाच्या, खरजेच्या, डोळ्यांच्या अशा सगळ्या बाटल्या तिच्यात होत्या. शाळा आणि दवाखाना एकाच माणसाने चालवायचा, म्हणजे दोन्ही गावात आले, असा वरच्या लोकांचा हिशेब. वाईट हिशेब नव्हता तो. आमच्यासारख्या गावाला डॉक्टर कोण देणार होतं?

पेटी बैलगाडीतून उतरली तेव्हा आम्ही बायका तिला सामोऱ्या गेलो. नवी होडी पाण्यात घालताना जे करतो तेच केलं. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, अबोलीची वेणी घातली. मास्तर मागे मागे धावत होते.

"अहो बायांनो, हे सरकारी आहे! रंग खराब होईल!"

माझे सासरे, सगळा वाडा त्यांना आबा म्हणायचा, होडीचे मालक, ते हसून म्हणाले, "मास्तर, सरकारला कुंकू चालत न्हाय व्हय?"

मास्तरांनी नुसतं उपरणं चाचपलं. दसऱ्याला जाळ्यांची, सुऱ्यांची, होडीची पूजा झाली तशी पेटीचीही झाली. तिच्यावर कुंकवाचे पाच पट्टे तेव्हा वाळून पक्के झाले होते.

त्या साली दसरा होतो न होतो तोच हिवताप आला. आमच्याकडे तो दर साली यायचा, पण असा नाही. हुडहुडी भरली की माणूस गोधड्यांखाली दात वाजवत पडायचा, मग भट्टीसारखा तापायचा, मग घामाने निथळून झोपी जायचा. मधला दिवस बरा जायचा. त्या मधल्या दिवशी माणूस हसायचा, जेवायचा, जाळं शिवायला बसायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच हुडहुडी. अर्ध्या होड्या वाळूवर पडून होत्या, कारण वल्ह्याला माणूस नव्हतं. मासळी सुकवायच्या जागा मोकळ्या. भर मोसमात कोळीवाड्यात मासळीचा वास नाही, ही गोष्ट मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

आणि नेमकी दिवाळीची सुटी लागली. शाळा बंद, म्हणून मास्तर गावी गेले. मास्तर गेले, म्हणून पेटीला कुलूप. पेटी शाळेच्या खात्याची होती ना! शाळेला सुटी म्हणजे पेटीलाही सुटी. हे कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. तेव्हाही मला कळत होतं आणि आता तर जास्तच कळतं. पण कागदावर जे जिथे नोंदवलं, ते तिथल्याच नियमाने चालणार. तापाला तेवढी कुणी सुटी दिली नव्हती.

चांगुणाला दोन हुडहुड्या येऊन गेल्या. तिसरीनंतर ती डोळे उघडेना. घरातले, म्हणजे चांगुणाचे बाप, पहाटे उठून तीन कोसांवरच्या दवाखान्यात कोयनेल, म्हणजे हिवतापाच्या कडू गोळ्या, आणायला चालत गेले. परत आले ते रिकाम्या हाताने. तोंड असं, की मी पाणीसुद्धा विचारलं नाही. आबांनी विचारलं, "काय झाला?"

"कंपौंडर म्हणतो, तुमच्या गावाला पेटी हाय. पेटी असलेल्या गावाचा कोयनेल पेटीत दिला. इथला हाय तो पेटी नसलेल्या गावांचा."

"अरे, पण पेटीला कुलूप हाय!"

"मी पण तेच बोललो. तो बोलला, कुलपाचा माझ्याकडं काय न्हाय."

पोस्टातही कोयनेलच्या पुड्या मिळायच्या. पण आमचं पोस्ट म्हणजे मास्तरांच्याच टेबलाचा खण, आणि तोही बंद. पाटील म्हणाला, पेटी माझ्या ताब्यातली नाही, मी हात लावला तर माझी पाटीलकी जाईल. बघा म्हणजे, सगळे खरंच बोलत होते. कंपौंडर खरं बोलत होता, पाटीलही खरंच बोलत होता. मी आज म्हातारी झाले तरी त्या दिवसातला वाईट माणूस शोधते. मला तो सापडत नाही, म्हणून तर झोप लागत नाही. एक कुणी दुष्ट सापडला असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

दुपारी आम्ही सगळे धर्मशाळेत जमलो, पेटीभोवती. मी चांगुणाला पदरात गुंडाळून उभी. कुलूप केवढं? माझ्या मुठीएवढं. एका घावात तुटलं असतं. घरातल्यांनी सुकाणूची खुंटी उचललीही होती. पण आबांनी हात धरला.

"कुंकू लावलेल्या वस्तूवर घाव न्हाय घालायचा."

"आबा, पोर जाते माझी!"

"जाणार न्हाय. पेटी मास्तराकडं नेऊ. फोडायची कशाला? अख्खीच उचलू. मास्तर उघडेल."

आता हसू येईल कुणाला. पण तेव्हा आम्हा सगळ्यांना ते इतकं बरोबर वाटलं, की लगेच जीव हलका झाला. फोडणं हे पाप, गुन्हाही. पण उचलून नेणं? देवाची पालखी आपण उचलून नेतोच की. होडी आहे, वारा आहे, श्रीवर्धन खाली दक्षिणेला. सकाळच्या मतलईवर, म्हणजे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यावर, शीड भरलं तर दिवस मावळायच्या आत पोचू. मी पण मान हलवली. हे मला लिहिलं पाहिजे. मीही मान हलवली. पोर माझी होती. मी हट्ट धरला असता तर कुलूप तिथेच तुटलं असतं आणि गोळ्या गावातच राहिल्या असत्या.

सकाळी उजाडताना पेटी होडीत चढवली. किनाऱ्यावर मंजुळा उभी होती, माझी शेजारीण धाकली, तिची पोर, आठ वर्षांची. धाकली सुकी मासळी घेऊन दोन दिवसांच्या बाजाराला गेली होती, मंजुळा आजीजवळ होती. माझी चांगुणा या मंजुळाच्याच कडेवर वाढली म्हणा ना. मी भाकऱ्या थापायचे आणि ती हिला घेऊन खेकड्यांची बिळं दाखवत फिरायची.

"पेटी कुठं चालली गो काकी?"

"मास्तरकडं. चांगूला औषध आणाया."

"मला पण आण एक गोळी. गोडवाली."

"गोड नसते बाय, कडू असते."

"मंग नको," म्हणाली आणि हसली. शंखातलं पाणी ओतून खेळत होती. मला बरी दिसली. तिचा तो मधला दिवस होता, हे मला कळलं नाही. मी माझ्याच पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसले होते.

तो दिवस कसा गेला? समुद्र काचेसारखा, ऊन डोळ्यांत घुसणारं, आणि मी पेटीला टेकून बसलेली. आबा सुकाणूवर, घरातले शिडावर. पेटीवरची पांढरी अक्षरं माझ्या नाकासमोर होती. मला तेव्हा ओ का ठो येत नव्हतं. मी बोटाने ती अक्षरं गिरवत होते. दुसरं काय करणार? चांगुणाच्या छातीवर एक हात, अक्षरांवर दुसरा. वाटेत हबशाची हद्द लागली. पाण्यावर काही रेघ नव्हती. आबा म्हणाले, "आता साहेबाची पेटी हबशाच्या राज्यात आली." पेटीत काहीतरी खुळखुळ वाजत होतं. तेवढा आवाज ऐकत मी श्रीवर्धनपर्यंत गेले. वाजतंय म्हणजे आहे. आहे म्हणजे मिळेल.

मास्तरांचं घर बागेत आत होतं. पेटी दोघांनी खांद्यावर घेतलेली, मागून मी. मास्तर पाटावर बसून सुपारी निवडत होते. पेटी पाहून त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

"हे काय केलंत? पेटी शाळेबाहेर न्यायची नसते! आणि तीही दुसऱ्या राज्यात! माझी नोकरी..."

"मास्तर, आधी उघडा. मंग बोला," आबा म्हणाले.

"उघडू कशाने? चावी माझ्याकडे नाही. सुटीत चावी कचेरीत जमा करायची असते. अलिबागला."

मी पोरीला मांडीवर घेऊन खाली बसले. त्यांच्या आई आतून आल्या. लाल अलवणातली, वाकलेली म्हातारी. तिने आधी माझ्या मांडीवर बघितलं, मग मुलाकडे.

"उघड," ती म्हणाली.

"आई, तुला नियम माहीत नाहीत."

"मला पोर दिसतंय. तू उघडतोस की मी अडकित्ता घेऊ?"

मास्तर पेटीभोवती दोनदा फिरले. उपरणं तीनदा चाचपलं. आणि मग त्यांनी जे केलं ते शिकलेल्या माणसालाच सुचावं. कुलपाला हातच लावला नाही. पेटी उलट बाजूने वळवली आणि मागच्या बिजागऱ्यांचे स्क्रू चाकूच्या टोकाने एकेक काढले. कुलूप जसंच्या तसं, त्यावरची लाखेची मोहरही शाबूत, आणि झाकण मागून उघडलं.

मी आत पाहिलं. कोयनेलची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

घरातले म्हणाले, "मास्तर, सगळ्या वाड्यात ताप होता सुटीच्या आधीपासून. आणि ही भरलेली?"

मास्तर वर बघेनात. गोळी मधात चुरडता चुरडता बोलले, जसं स्वतःशीच. "साहेब येतात ना, ते आधी गोळ्या मोजतात. कमी भरल्या तर विचारतात, कुणाला दिल्या, कशावरून दिल्या, अंगठा कुठे घेतला, वजन किती होतं त्याचं. पूर्ण भरल्या तर म्हणतात, शाबास, पेटी चांगली ठेवलीय. मला दोनदा शाबासकी मिळाली."

म्हातारी म्हणाली, "शाबासकी पाज आता त्या पोराला."

चांगुणाने पहिली गोळी थुंकली, दुसरी थुंकली, तिसरी गिळली. दोन दिवस आम्ही त्यांच्या पडवीत होतो. म्हातारी पेज आणून द्यायची, लांबून ठेवायची, पण दर थोड्या वेळाने यायची. तिसऱ्या दिवशीची हुडहुडी आलीच नाही. मी वाट बघत बसले होते, ऊन कललं, ती आली नाही. चांगुणाने डोळे उघडून म्हटलं, "मंजू." आई नाही म्हटलं, मंजू म्हटलं. मला जरा रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

परत येताना वारा समोरून. दोन दिवस शीड इकडून तिकडे करत आलो. मास्तर बरोबर होते. त्यांनी होडीतच बाटली मांडीवर घेतली होती, कोणाकोणाला किती द्यायच्या ते ठरवत होते. माणूस खुलला होता. "आता देईन," म्हणत होते, "आता सगळ्यांना देईन, विचारू देत." आणि त्यांनी दिल्याही. किनाऱ्याला लागल्याबरोबर घराघरात जाऊन स्वतःच्या हाताने दिल्या. त्या साली पुढे आमच्यात कुणी गेलं नाही.

पण त्याआधी.

धर्मशाळेच्या पायरीवर धाकली बसली होती. केस मोकळे. शेजारी तिचा वरवंटा, काळा, वापरून गुळगुळीत झालेला. मला वाटलं, ही वरवंटा घेऊन इथे कशाला बसली? होडी ओढून घ्यायलाही ती उठली नाही. मी चांगुणाला घेऊन जवळ गेले, दाखवायला गेले, बघ बरी झाली म्हणून. मूर्ख बाई मी.

तिने चांगुणाच्या गालावर हात फिरवला. मग मला म्हणाली, "बाजारातून आले, तर पोर आजीच्या मांडीवर झटके देते. कोणाला इचारलं न्हाय, वरवंटा उचलला आणि धावले. म्हटलं, कुलूप फोडते. सरकार काय करल, फाशी देल. पेटीच न्हाय. चौकोन तेवढा दिसला जमिनीवर, धूळ नसलेला."

मंजुळा आदल्या दिवशी गेली होती.

बस, एवढंच बोलली ती. पुढे चाळीस वर्षं आम्ही शेजारी राहिलो, एकाच बाजारात बसलो, एकीने दुसरीची टोपली डोक्यावर चढवली, पण या गोष्टीवर पुन्हा एक शब्द नाही. मी मात्र तिच्यासमोर चांगुणाला कधी जवळ घेतलं नाही. चांगुणाला वाटायचं, आईची माया कमी. वाटू दे.

वरवंटा तिने घरी नेला नाही. मी एकदा उचलून द्यायला गेले तर म्हणाली, "असू दे थयच. त्याच्यावर मसाला न्हाय वाटायचा मला." तो पायरीवरच राहिला. शाळेतली मुलं त्याने बदाम फोडायची.

सुटी संपली आणि वरून लोक आले. चौकशी झाली. कशाची? पेटी हद्दीबाहेर नेल्याची. मास्तरांची बदली झाली, कुठे ते कळलं नाही. जाताना ते वाड्यात सगळ्यांना भेटले, धाकलीच्या दारात नुसते उभे राहून गेले. मग कचेरीतून एक सुतार आला आणि त्याने चार मोठे खिळे मारून पेटी जमिनीला पक्की केली. बिजागऱ्यांवर लोखंडी पट्टी ठोकली. काम मजबूत होतं. पुन्हा पेटी हलायला नको, एवढा त्यांनी नक्कीच विचार केला होता. दुसरी चावी गावात कुणाकडे असावी, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर कागदावर नाही आलं. नवे मास्तर पुढच्या दिवाळीलाही गावी गेले, पेटीला कुलूप लावून.

मी अक्षरं शिकले ती चांगुणामुळे. ती शाळेत जायला लागली आणि संध्याकाळी तिच्या पाटीवरून मी घोकायचे, चुलीपुढे, कोळशाने जमिनीवर. पहिल्यांदा वाचता यायला लागलं तेव्हा दुसरं काही वाचलं नाही, उठून धर्मशाळेत गेले. कुंकवाचे पट्टे अजून होते पेटीवर. त्यांच्या मधून मी ती पांढरी अक्षरं एकेक जोडून वाचली, जी त्या दिवशी बोटाने गिरवली होती. लिहिलं होतं, "गावाच्या उपयोगासाठी." मी दोनदा वाचलं, चुकले असेन म्हणून.

आता धाकली नाही. धर्मशाळा पाडली, तेव्हा पेटी कुणी नेली माहीत नाही. वरवंटा मी आणला. इतकी वर्षं माझ्या दाराच्या आत पडून होता, सून त्याला पाय लागतो म्हणून कुरकुरायची.

परवा उपकेंद्राच्या कुलपापासून घरी आले, पोरीला सुनेकडे दिलं आणि बसले. बसवेना. उठले, वरवंटा पदरात घेतला आणि परत गेले. जड आहे तो, मध्ये दोनदा थांबले. उपकेंद्राच्या पायरीवर, दाराच्या अगदी शेजारी, भिंतीला लावून ठेवला आणि आले.

काल सिस्टर घरी आली. चांगली मुलगी आहे, घाटावरची, हसतमुख, खांद्याला मोठी पिशवी. पोरीला तपासलं, गोळ्या दिल्या. मग म्हणाली, "आजी, दुकानदार सांगत होता, आमच्या पायरीवर तो दगड तुम्ही ठेवला?"

"व्हय."

"कशाला हो? पाय अडकून पडेल कुणीतरी."

मी म्हटलं, "बाय, तू तालुक्याला जाशील तेव्हा चावी कुणाकडं ठेवून जातेस?"

"चावी माझ्याकडेच असते. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, तसा नियमच आहे."

"मग असू दे तो तिथे," मी म्हटलं. "तुझ्या कुलपाला आम्ही कुंकू लावलेलं न्हाय."